फोनवर मेल पुन्हा पुन्हा सिंक व्हायचे थांबतात? खातं काढण्याआधी ते कुठे अडकलेत ते बघा

ॲप उघडल्याशिवाय मेल येतच नाहीत. उघडलं की पंधरा-वीस एकदम धडाधड उतरतात, आणि ज्याची वाट बघत होतो नेमका तोच सकाळी साडेनऊचा निघतो. मग ठरलेले उपाय सुरू होतात: फोन बंद-चालू करणं, ॲप अपडेट करणं, शेवटी खातं काढून पुन्हा टाकणं. त्यानंतर काही दिवस सगळं सुरळीत चालतं, आणि मग पहिले पाढे पंचावन्न.

खातं नव्याने टाकल्यावर काही दिवस बरं चालतं याचं कारण बहुतेक वेळा त्या दुरुस्तीत नसतंच. नवीन खातं टाकलं की आपण तासातासाला ॲप उघडून ‘येतायत ना?’ म्हणून बघतो. वारंवार उघडल्या जाणाऱ्या ॲपला फोन मागे, म्हणजे ते उघडं नसतानाही, काम करू देतो. आपलं लक्ष उडालं की तोच फोन त्या ॲपवर पुन्हा निर्बंध घालतो. म्हणजे बिघाड होता तिथेच राहिला, मधले दिवस आपल्या डोकावण्यावर निघाले.

म्हणून अशा परत परत येणाऱ्या तक्रारीत ‘काय बिघडलं’ यापेक्षा ‘कधी बिघडतं’ हे आधी लिहून काढा. फोन रात्रभर पडून राहिल्यावर? एका ठराविक वायफायवरच? पासवर्ड बदलल्यापासून? बॅटरी खाली गेली की? या एका प्रश्नाच्या उत्तरावर पुढचं निम्मं काम होतं.

आधी तीन तपासण्या

पहिली: फोनमधल्याच ब्राउझरवर मेलचं संकेतस्थळ उघडून लॉगिन करा. ब्राउझर आपणहून ॲपकडे ढकलत असेल तर खासगी टॅब वापरा किंवा ‘डेस्कटॉप साइट’ निवडा. हवा असलेला मेल तिथेही नसेल तर फोनच्या सेटिंगशी खेळून काही होणार नाही. तो मेल सर्व्हरवर पोचलेलाच नाही, किंवा एखाद्या फिल्टरने तो दुसरीकडे टाकलाय. स्पॅम बघा, फॉरवर्डिंगचे नियम बघा, खात्यातली जागा भरली आहे का ते बघा.

दुसरी: मेल ब्राउझरमध्ये आहे पण ॲपमध्ये नाही, तर ॲपची यादी बोटाने खाली ओढून रिफ्रेश करा. लगेच मेल आला तर जोडणी ठीक, पासवर्ड ठीक, सर्व्हरही ठीक. अडतंय ते फक्त मागच्या मागे होणारं काम. त्रुटीचा संदेश आला तर तो शब्दशः वाचा, शक्यतो स्क्रीनशॉट काढून ठेवा. आणि त्रुटीही नाही, मेलही नाही, असं झालं तर फोल्डर किंवा ‘किती दिवसांचे मेल ठेवायचे’ या सेटिंगकडे वळा.

तिसरी: वायफाय बंद करून मोबाइल डेटावर तोच प्रयोग करा.

एवढं झाल्यावर खालच्यापैकी आपला विभाग कोणता ते कळतं. बाकीचे वाचलेच पाहिजेत असं नाही.

ओढल्यावर येतो, आपोआप येत नाही

सर्वात जास्त तक्रारी याच गटातल्या असतात.

मेल फोनवर दोन पद्धतींनी येतो. एकात सर्व्हर फोनला ‘नवीन आलाय’ असं कळवतो, त्याला पुश म्हणतात. दुसऱ्यात फोन ठराविक वेळाने सर्व्हरला विचारतो, ते फेच. ‘पूर्वी लगेच यायचा, आता उशिरा येतो’ असं वाटत असेल तर खातं पुशवरून फेचवर गेलंय का, ही पहिली शंका घ्यावी.

आयफोनवर हे उघड दिसतं. नव्या आवृत्त्यांत सेटिंग्ज → ॲप्स → मेल → मेल अकाउंट्स → फेच न्यू डेटा, जुन्यांत सेटिंग्ज → मेल → अकाउंट्स → फेच न्यू डेटा. तिथे प्रत्येक खात्यासमोर पुश, फेच किंवा मॅन्युअल असं लिहिलेलं असतं. आयक्लाउड आणि एक्स्चेंजच्या (मायक्रोसॉफ्टची ऑफिसांत वापरली जाणारी मेल यंत्रणा) खात्यांना पुश मिळतो. जीमेलचं खातं ॲपलच्या मेल ॲपमध्ये टाकलं असेल तर पुशचा पर्यायच येत नाही. गूगलने ३० जानेवारी २०१३ पासून साध्या खात्यांच्या नव्या जोडण्यांसाठी एक्स्चेंज पद्धतीचं सिंक बंद केलं, तेव्हापासून हे असंच आहे. त्यामुळे आयफोनवर जीमेल तत्काळ हवा असेल तर गूगलचं स्वतःचं जीमेल ॲप वापरणं हा सरळ मार्ग. मेल ॲपच हवं असेल तर फेच १५ मिनिटांवर ठेवा आणि तेवढा उशीर गृहीत धरा.

त्याच पानावर खाली वेळापत्रक असतं आणि त्यात ‘ऑटोमॅटिकली’ हा एक पर्याय आहे. नाव ऐकून वाटतं, हाच सगळ्यात चांगला. प्रत्यक्षात तो निवडल्यावर फोन चार्जिंगला लावलेला आणि वायफायवर असेल तेव्हाच मागच्या मागे मेल आणतो. रात्री चार्जरवर सगळं छान आणि दिवसभर खिशात असताना शुकशुकाट, अशी तक्रार असेल तर इथेच बघा. नावाने इतकी दिशाभूल करणारं सेटिंग मेलच्या पानावर दुसरं नसेल.

लो पॉवर मोडही फेच थांबवतो. बॅटरीचं चिन्ह पिवळं दिसलं तर समजायचं. पुरेसं चार्जिंग झाल्यावर तो आपोआप बंद होतो, म्हणूनच ‘कधी येतात, कधी येत नाहीत’ असं वाटत राहतं. शिवाय ॲप स्विचरमधून ॲप वर सरकवून बंद करायची सवय असेल तर ती सोडा. तसं बंद केलेलं ॲप आपण पुन्हा उघडेपर्यंत मागे ताजं होत नाही.

अँड्रॉइडवर प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे, कारण तिथे एकावर एक तीन-चार थर आहेत आणि प्रत्येक थर स्वतंत्रपणे मेल अडवू शकतो.

सर्वात वरचा थर साधा आहे, पण तोच विसरला जातो. जीमेल ॲपमध्ये डावीकडच्या मेनूतून सेटिंग्ज उघडा, खात्याच्या नावावर टॅप करा आणि खाली जाऊन ‘सिंक जीमेल’ समोर बरोबरची खूण आहे का ते बघा. ती नसेल तर ॲप तसं कळवतंही, पण ती ओळ इतकी बारीक असते की नजर तिच्यावरून निसटते. मग फोनच्या मुख्य सेटिंगमध्ये अकाउंट्सच्या पानावर जाऊन आपोआप सिंक करण्याचं बटण चालू आहे का ते बघा. बॅटरी वाचवण्यासाठी कुणीतरी दिलेल्या सल्ल्यावरून ते कधीतरी बंद केलेलं असतं आणि नंतर त्याची आठवणही राहत नाही.

दुसरा थर अँड्रॉइडचा स्वतःचा. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून ‘डोझ’ आलं. फोन चार्जरला नाही, स्क्रीन बंद आहे आणि फोन हललेला नाही, अशी स्थिती काही काळ टिकली की ॲप्सचं नेटवर्क थांबवलं जातं आणि मधूनमधून थोडा वेळ उघडलं जातं. फोन जितका जास्त वेळ पडून राहील तितकं दोन उघडण्यांमधलं अंतर वाढत जातं. २०१८ च्या अँड्रॉइड ९ मध्ये त्यात भर पडली: कोणतं ॲप किती वापरलं जातं त्यावरून फोन त्यांचे गट पाडू लागला. रोजच्या वापरातलं ॲप वरच्या गटात, क्वचित उघडलं जाणारं खालच्या गटात, आणि खालच्या गटाला मागे काम करायची संधी कमी. वर जे ‘काही दिवस चालतं, मग थांबतं’ म्हटलं, त्यामागची यंत्रणा ही.

गूगलच्या खात्याचे मेल जीमेल ॲपमध्ये गूगलच्या पुश यंत्रणेतून येतात, त्यामुळे डोझ असूनही ते सहसा वेळेवर येतात. अडचण इतर खात्यांची होते. स्वतःच्या डोमेनचं किंवा दुसऱ्या सेवेचं आयमॅप खातं (आयमॅप म्हणजे मेल सर्व्हरवरच ठेवून सगळ्या उपकरणांवर सारखे दाखवणारी पद्धत) जीमेल ॲपमध्ये टाकलं तर ॲप ठराविक अंतराने विचारत बसतं. त्या खात्याच्या सेटिंगमध्ये ‘सिंक फ्रिक्वेन्सी’ असते, आणि ती कमीत कमी १५ मिनिटांवर आणता येते. त्यातही डोझ लागला की ती १५ मिनिटं कागदावरच राहतात. अशा खात्यासाठी आयमॅपचा पुश वापरणारं ॲप घ्यावं, उदाहरणार्थ के-९ मेल किंवा त्याच पायावर उभं असलेलं अँड्रॉइडचं थंडरबर्ड. त्यात फोन सर्व्हरशी जोडणी उघडी ठेवून ‘काही आलं तर सांग’ म्हणतो. नियमाप्रमाणे अशी जोडणी २९ मिनिटांच्या आत नव्याने मांडावी लागते, नाहीतर सर्व्हर ती निष्क्रिय समजून तोडू शकतो. हे सगळं नीट चालायचं तर त्या ॲपला बॅटरीच्या बंधनातून वगळावं लागतं.

हे बंधन म्हणजेच तिसरा थर: ॲपच्या आयकॉनवर बोट दाबून धरा, ॲप इन्फो उघडा, बॅटरीत जाऊन ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडा. त्याच पानावर मोबाइल डेटाखाली ‘बॅकग्राउंड डेटा’ चालू आहे का ते बघा. डेटा सेव्हर वापरत असाल तर मेलच्या ॲपला त्यातूनही सूट द्या. आणि ‘वापर नसेल तर ॲपचं काम थांबवा’ अशा अर्थाचं बटण दिसलं तर ते बंद करा.

चौथा थर फोन बनवणाऱ्या कंपन्यांचा, आणि माझ्या मते खरी डोकेदुखी हीच. सॅमसंगमध्ये बॅटरीच्या पानावर ‘बॅकग्राउंड युसेज लिमिट्स’ असतात. त्यातल्या ‘स्लीपिंग’ किंवा ‘डीप स्लीपिंग’ यादीत मेलचं ॲप गेलं असेल तर तिथून काढून ‘नेव्हर स्लीपिंग’मध्ये टाका. शाओमीमध्ये ‘ऑटोस्टार्ट’ची परवानगी वेगळी द्यावी लागते, शिवाय बॅटरी सेव्हरमध्ये ‘नो रिस्ट्रिक्शन्स’. इतर काही कंपन्यांच्या फोनमध्येही ऑटोस्टार्ट किंवा बॅकग्राउंड परवानगीचं असंच काहीतरी असतं, फक्त पत्ता बदलतो. सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘ऑटो’ किंवा ‘बॅटरी’ टाईप करून शोधणं सगळ्यात सोपं. फोनची मोठी अपडेट आली की या याद्या पुन्हा एकदा बघाव्यात. ‘अपडेटनंतर बिघडलं’ या तक्रारीत पुष्कळदा नवीन बिघाड नसतो, तुम्ही दिलेली सूट तेवढी गेलेली असते.

‘फोन स्वच्छ करणारी’ ॲप्स असतील तर काढून टाका. रॅम मोकळी करतो म्हणत ती मेलचं ॲप बंद करतात.

एक गोष्ट यात मिसळू देऊ नका. कधी मेल आलेला असतो, फक्त घंटा वाजत नाही. ॲप उघडल्याबरोबर, न ओढता, मेल आधीच यादीत दिसत असेल तर सिंक ठीक आहे आणि बिघाड नोटिफिकेशनचा आहे. अँड्रॉइड १३ पासून ॲपला नोटिफिकेशनची परवानगी मागावी लागते, आणि घाईत ‘नको’ म्हटलं गेलं की विषय संपला. जीमेल ॲपमध्ये खात्यानुसार ‘ऑल’, ‘हाय प्रायॉरिटी ओन्ली’ आणि ‘नन’ असे पर्यायही असतात. मधला पर्याय निवडला असेल तर ॲपला जे महत्त्वाचं वाटतं तेवढंच वाजतं, आणि त्याचं आणि तुमचं मत जुळेलच असं नाही.

पासवर्ड बरोबर असूनही पुन्हा पुन्हा विचारतो

ब्राउझरमध्ये तोच पासवर्ड चालतो, फोन मात्र चुकीचा म्हणतो. यात पासवर्डची चूक नसते, तो देण्याची पद्धत जुनी झालेली असते. नुसतं नाव आणि पासवर्ड पाठवून आत जाणं मोठ्या सेवांनी एकेक करून बंद केलं. गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी ३० मे २०२२ ला, मायक्रोसॉफ्टने एक्स्चेंज ऑनलाइनवर ऑक्टोबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने, आणि आउटलुक डॉट कॉमच्या वैयक्तिक खात्यांसाठी १६ सप्टेंबर २०२४ ला.

म्हणून खातं टाकताना ‘इतर’ किंवा ‘आयमॅप’ निवडून सर्व्हरचं नाव हाताने भरण्याऐवजी यादीतून ‘गूगल’ किंवा ‘आउटलुक’ निवडा. मग कंपनीचं स्वतःचं लॉगिन पान उघडतं आणि ॲपला पासवर्डऐवजी टोकन, म्हणजे एक डिजिटल प्रवेशपत्र, मिळतं. ॲप जुनं असल्यामुळे असं पान उघडतच नसेल तर गूगलच्या खात्यात ॲप पासवर्ड तयार करता येतो: १६ अक्षरांचा, त्या एकाच ॲपसाठी. त्यासाठी दोन टप्प्यांची पडताळणी आधी चालू असावी लागते. आणि खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की गूगल हे सगळे ॲप पासवर्ड रद्द करतं. दर काही महिन्यांनी पासवर्ड बदलण्याची शिस्त पाळणाऱ्यांचं सिंक दर काही महिन्यांनी का तुटतं, ते यातून कळेल.

ऑफिसच्या खात्यात आणखी एक शक्यता असते. संस्थेने नियम लावला असेल की फोनला स्क्रीन लॉक हवा, अमुक आवृत्ती हवी किंवा व्यवस्थापनाचं ॲप हवं, आणि फोन त्यात बसत नसेल, तर खातं वरवर जोडलेलं दिसतं पण मेल येत नाही. इथे स्वतः झटापट न करता आयटी विभागाला विचारावं.

एका वायफायवर येत नाही, डेटावर येतो

सार्वजनिक वायफायवर आधी ब्राउझर उघडून बघा. लॉगिनचं पान स्वीकारायचं राहिलेलं असतं. फोन वायफायचं चिन्ह दाखवतो, पण पलीकडे इंटरनेट नसतं.

ऑफिसच्या किंवा महाविद्यालयाच्या वायफायवर फायरवॉल (नेटवर्कचा पहारेकरी) काही पोर्ट, म्हणजे डेटा ये-जा करण्याचे क्रमांकित दरवाजे, अडवते. आयमॅपला ९९३ लागतं, मेल पाठवायला ५८७ किंवा ४६५. ब्राउझर ४४३ वर चालतो, म्हणून तिथे सगळं ठीक दिसतं आणि आपण ॲपला दोष देतो. शिवाय पुशसाठी वेगळी पोर्ट लागतात: गूगलच्या यंत्रणेला ५२२८ ते ५२३०, ॲपलच्या यंत्रणेला ५२२३. फक्त पुशचं पोर्ट अडलं असेल तर ओढल्यावर मेल येतो आणि आपोआप येत नाही, म्हणजे लक्षणं बॅटरीच्या बिघाडासारखीच, पण फक्त त्या इमारतीत. नेटवर्क सांभाळणाऱ्याला हे आकडे सांगितले तर बोलणं लवकर संपतं.

व्हीपीएन, जाहिरात अडवणारं ॲप, खासगी डीएनएस यांपैकी काही चालू असेल तर एकेक बंद करून बघा. एकेक. सगळी एकदम बंद केली तर नेमकं कोण होतं ते कळत नाही.

आता एक फसवा प्रकार. स्वतःच्या डोमेनचं, कुठल्यातरी होस्टिंगवरचं खातं आहे. घरच्या वायफायवर ॲप ‘सर्व्हरशी कनेक्ट होऊ शकत नाही’ म्हणतं, डेटावर लगेच चालतं. राउटर बदलून झाला तरी थोड्या वेळाने तेच. अशा वेळी घरात त्याच खात्याचा जुना पासवर्ड असलेलं दुसरं उपकरण शोधा: कपाटात पडलेला टॅबलेट, मुलांना खेळायला दिलेला जुना फोन, क्वचित कागद स्कॅन करून मेल करणारा प्रिंटर. ते उपकरण बिचारं दर काही मिनिटांनी जुन्या पासवर्डने दार ठोठावत असतं. अनेक सर्व्हर काही चुकीच्या प्रयत्नांनंतर त्या आयपी पत्त्यालाच (जोडणीचा इंटरनेटवरचा पत्ता) काही काळ बंदी घालतात, आणि घरातली सगळी उपकरणं बाहेरून एकाच पत्त्याची दिसतात. शिक्षा मग तुमच्या फोनलाही होते. बंदी उठते, थोडा वेळ चालतं, टॅबलेट पुन्हा ठोठावतो, पुन्हा बंदी. मोठ्या सेवांमध्ये अशाच प्रकारे खातंच तात्पुरतं लॉक होऊ शकतं. त्या उपकरणावरून खातं काढलं की चक्र थांबतं. मेलसेवेच्या सुरक्षा पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी असते. तिथे ओळखीचं पण विसरलेलं नाव दिसलं तर तेच.

‘प्रमाणपत्र (सर्व्हरची ओळख पटवणारा डिजिटल दाखला) ग्राह्य नाही’ अशा अर्थाचा संदेश आला तर आधी फोनची तारीख आणि वेळ बघा. घड्याळ चुकलं असेल तर चांगलं प्रमाणपत्रही मुदत संपलेलं किंवा अजून सुरू न झालेलं वाटतं. तारीख-वेळ ‘आपोआप’वर ठेवा. घड्याळ बरोबर असेल तर सर्व्हरचं प्रमाणपत्रच संपलेलं असू शकतं. मोफत मिळणारी बरीचशी प्रमाणपत्रं ९० दिवसांची असतात आणि नूतनीकरण चुकलं की ठराविक काळाने हीच तक्रार उगवते. ‘तरीही पुढे जा’ हे बटण मात्र दाबू नका, विशेषतः बाहेरच्या वायफायवर.

येतात, पण सगळे नाहीत

जुने मेल दिसत नसतील तर बहुतेक वेळा काही हरवलेलं नसतं. जीमेल ॲपमध्ये ‘डेज ऑफ मेल टू सिंक’ मुळात ३० दिवसांवर असतं. त्याआधीचे मेल नेट चालू असताना शोधले की सापडतात, नेट नसताना नाही. आयफोनवर एक्स्चेंज खात्याला ‘मेल डेज टू सिंक’ असतं, ते वाढवा किंवा ‘नो लिमिट’ करा. फोल्डरचं तसंच: फिल्टरने मेल इनबॉक्सऐवजी वेगळ्या लेबलखाली जात असतील तर जीमेलमध्ये त्या लेबलचं सिंक वेगळं चालू करावं लागतं.

फोनवर वाचलेले मेल लॅपटॉपवर न वाचलेले दिसतात, किंवा लॅपटॉप चालू केला की फोनला मेल मिळणं बंद होतं, तर कुठल्यातरी एका उपकरणावर खातं पॉप पद्धतीने टाकलेलं आहे. पॉप मेल उतरवून घेतो आणि सेटिंगप्रमाणे सर्व्हरवरून काढूनही टाकतो. ‘वाचला’, ‘हलवला’, ‘उत्तर दिलं’ यातलं काही तो परत कळवत नाही. पोर्ट ११० किंवा ९९५ दिसलं की पॉप, १४३ किंवा ९९३ दिसलं की आयमॅप. एकाहून जास्त उपकरणं असतील तर सगळीकडे आयमॅपच हवं. बदल करण्याआधी पॉप खात्यातले उतरवलेले मेल दुसरीकडे साठवून घ्या, कारण ते सर्व्हरवर नसण्याची दाट शक्यता असते.

पाठवलेले मेल फोनवर आहेत पण इतरत्र नाहीत, हा फोल्डरच्या जोडणीचा घोळ. एक ॲप ‘सेंट’मध्ये ठेवतं, दुसरं ‘सेंट आयटम्स’मध्ये, तिसरं फक्त फोनवर. आयफोनवर खात्याच्या ‘ॲडव्हान्स्ड’ पानात पाठवलेले, मसुदे आणि कचरा यांसाठी सर्व्हरवरचे फोल्डर निवडता येतात.

खूप उपकरणांवर एकच खातं वापरणाऱ्यांसाठी आणखी एक मर्यादा: जीमेल एका खात्याला एका वेळी १५ आयमॅप जोडण्याच देतं. एकच ॲप वेगवेगळ्या फोल्डरांसाठी चार-पाच जोडण्या उघडू शकतं, त्यामुळे दोन लॅपटॉप, टॅबलेट आणि फोन मिळून ही मर्यादा सहज गाठतात. ‘टू मेनी सायमल्टेनियस कनेक्शन्स’ अशी त्रुटी अधूनमधून येत असेल तर वापरात नसलेली उपकरणं काढा.

आणि एके दिवशी सगळे मेल अचानक पुन्हा उतरायला लागले, तर सर्व्हर बदलला गेला असण्याची शक्यता धरा. आयमॅपमध्ये प्रत्येक फोल्डरला एक ओळखक्रमांक असतो. तो बदलला की आपल्याकडची जुनी प्रत निरुपयोगी समजून ॲप सगळं नव्याने आणतं. वायफायवर ठेवा आणि संपू द्या.

आउटबॉक्समध्ये अडकलेला एक मेल

जड जोडपत्राचा एक मेल पुढे जात नाही आणि त्याच्यामागे बाकीचेही खोळंबतात. जोडपत्र पाठवताना त्याचं रूपांतर होतं आणि ते साधारण एक तृतीयांशाने फुगतं, म्हणून २० एमबीची फाइल प्रवासात २७ एमबीच्या आसपास जाते. सर्व्हरची मर्यादा २५ एमबी असेल तर ती कितीही वेळा पाठवली तरी परतच येणार. विमान मोड लावा, मेलमधला मजकूर कॉपी करून ठेवा, तो मेल आउटबॉक्समधून काढा, विमान मोड हटवा आणि फाइल लिंकने पाठवा.

येणारे मेल ठीक आणि जाणारे अडत असतील, जोडपत्र नसतानाही, तर पाठवण्याचं पोर्ट बघा. तिथे २५ असेल तर ५८७ किंवा ४६५ करा; बरेच इंटरनेट पुरवठादार २५ अडवतात.

जागा

जीमेलचे मोफत १५ जीबी मेल, ड्राइव्ह आणि फोटो यांत वाटलेले असतात. आयक्लाउडचे मोफत ५ जीबी, त्यातच फोनचा बॅकअप. व्हिडिओंनी जागा भरली तरी मेल थांबतो, आणि पाठवणाऱ्याकडे तो परत जातो. खुद्द फोनची जागा संपली असेल तर ॲपला मेल उतरवता येत नाही, ते वेगळं. दोन्ही बघा.

खातं काढायचंच असेल तर

वरचं सगळं करून झालं आणि तरीही अडत असेल, तर क्रम असा ठेवा. आधी ॲपची कॅशे (तात्पुरता साठा) पुसा. त्याने काही जात नाही. मग ॲपचा डेटा पुसा. याने आउटबॉक्समधले न गेलेले मेल, सर्व्हरवर न पोचलेले मसुदे आणि ॲपमधली स्वाक्षरी व सेटिंग जाऊ शकतात, म्हणून ती आधी उतरवून घ्या. त्यानंतरच खातं काढणं. गूगलचं खातं अँड्रॉइडवरून काढलं की फक्त मेल नाही, त्याच्याशी जोडलेले संपर्क आणि कॅलेंडरही फोनवरून जातात; सर्व्हरवर असतील तर परत येतात, पण फोनवरच साठवलेले संपर्क आधी वेगळे काढून ठेवावेत. दोन टप्प्यांच्या पडताळणीचा कोड त्याच फोनवर येत असेल तर पर्यायी कोड हाताशी ठेवल्याशिवाय हे करू नका.

खातं पुन्हा टाकल्यावर बॅटरीची आणि ऑटोस्टार्टची सूट पुन्हा तपासा. मग एक दिवस मुद्दाम ॲप न उघडता जाऊ द्या. दुसऱ्या खात्यावरून स्वतःला सकाळी, दुपारी आणि रात्री एकेक मेल पाठवा, विषयात पाठवल्याची वेळ लिहा, आणि नोटिफिकेशन कधी आलं ते बघा. दुरुस्ती झाली की नाही हे असंच कळतं. सारखं डोकावून बघितलं तर ते चालणारच.

एवढ्यानेही उलगडा झाला नाही आणि सेवा देणाऱ्याकडे किंवा आयटी विभागाकडे जायची वेळ आली, तर ‘मेल येत नाही’ एवढंच लिहू नका. खात्याचा प्रकार, ॲपचं नाव आणि आवृत्ती, फोनची आवृत्ती, वायफायवर होतं की डेटावरही, त्रुटीचा मजकूर जसाच्या तसा, आणि शेवटचं फसलं त्याची मिनिटापर्यंतची वेळ द्या. सर्व्हरच्या नोंदी वेळेप्रमाणे लावलेल्या असतात. तुमच्या फोनने त्या मिनिटाला दार ठोठावलं होतं की नाही हे तिथे लगेच दिसतं, आणि ठोठावलंच नसेल तर पुन्हा फोनच्या बॅटरीच्या पानावर यायचं.